हिरोचे केस

पूल मागे पडला तरी टोपमावशी चालतच होत्या. निम्मी वाट सरली होती. मागून बस आली, थांब्याला टेकली, ड्रायव्हरने ‘येताय का?’ म्हणून मान हलवली. मावशींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबरच्या मास्तरीणबाईंनी उघडलेली पर्स पुन्हा मिटली.

“अगं, गेली ना बस!”

“जाऊ दे. बसमध्ये वारा लागला की राग थंड होतो. मला तो गरमच न्यायचाय.”

“तुझा राग पोचेल गं गरम. माझे गुडघे पोचतील का, तेवढं बघ.”

एरवी मावशी हसल्या असत्या. दोघी एका बाकावर शिकलेल्या. एकीने पुढे शाळेतच जन्म काढला, म्हणून दुसरी तिला अजून ‘मास्तरीणबाई’ म्हणून चिडवायची. पण आज चिडवाचिडवीचा दिवस नव्हता.

दोघी एका बंद दारावरून परत चालल्या होत्या. दार साखळीपुरतंच उघडलं होतं. फटीत एका आईचा अर्धा चेहरा दिसला. मावशींनी हात जोडायच्या आत ती आई म्हणाली, “माझ्या मुलीने तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या फोनला नाही.” आणि दार लागलं. आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं. ते हळूच लागलं, घरात कुणी झोपलेलं असलं की लावतात तसं.

टोपमावशी म्हणजे केसांचे टोप करणाऱ्या मावशी. तरुणपणी त्या एका नाटक कंपनीत राजाच्या मिशा आणि म्हाताऱ्यांच्या दाढ्या विणायच्या. कंपनी मोडली तेव्हा पदरात काही पडलं नाही, हातात विद्या तेवढी राहिली. मग एके दिवशी एक बाई डोक्याला घट्ट रुमाल बांधून दारात उभी राहिली. आजारपणात केस गेलेले. मावशींनी नाटकातल्या राणीचा लांबसडक टोप काढून दाखवला, तर ती म्हणाली, “मला राणी नाही व्हायचं हो. मला भाजी आणायला जाता आलं म्हणजे झालं.” त्या दिवसापासून मावशींनी दाढीमिशा सोडल्या आणि भाजी आणायला जाण्याजोगे केस करायला घेतले.

बारीक जाळी ताणून लाकडी डोक्यावर बसवायची आणि आकड्याच्या सुईने एकेक केस गाठ मारून ओवायचा. घाई केली की भांग खोटा दिसतो. आणि भांग खोटा दिसला की सगळा माणूसच खोटा दिसतो, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या घराला मागचं दार होतं, गिऱ्हाईक तिथून यायचं. आरशावर पडदा असायचा. माणूस ‘काढा’ म्हणेपर्यंत तो काढायचा नाही. रस्त्यात गिऱ्हाईक समोरून आलं तर आपण आधी ओळख द्यायची नाही. एकदा एका लग्नघरात त्यांच्या हातचे चार टोप चार डोक्यांवर मिरवत होते आणि मावशी कोपऱ्यात बसून जेवत होत्या, जशा काही कुणाच्या ना अध्यात ना मध्यात.

पण डोकं हातात दिलं की माणूस बोलतो. न्हाव्यापुढे बोलतो तसं नव्हे, खरं बोलतो. जे नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही, ते त्या खुर्चीत बसून सांगतो. आणि हल्ली घरी गेल्यावर फोनवरही लिहितो.

दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसणारी एक मुलगी होती. तिचा पहिला टोप तिच्या आईनेच करून घेतला होता. नंतर मुलगी बरी झाली, केस उगवले, आईने देवापुढे डोकं टेकलं. मग वर्ष उलटतं न उलटतं तोच मुलीने एका दुपारी मावशींना लिहिलं, ‘मावशी, गाठ परत आलीय. पुन्हा टोप लागेल. आईला अजून सांगितलं नाहीये. ती आत्ता कुठे रात्रीची झोपायला लागलीय. मी सांगेन, पण माझ्या तोंडाने.’ खाली स्वतःच्या उघड्या डोक्याचा फोटो, मापासाठी.

तो मेसेज आणि तो फोटो आईकडे एका अनोळखी नंबरावरून गेला.

त्याआधी त्या नंबरावरून मुलीला धमक्या आल्या होत्या. पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवू. तिने दिले नाहीत. मावशींच्या फोनमध्ये तिचा नंबर होता, आईचा होता, दवाखान्याचा होता. तिन्हीकडे गेलं.

“मी कुणाला एक शब्द बोलले असते तर जीभ झडली असती,” मावशी आता रस्त्याच्या कडेने चालता चालता म्हणाल्या. “आणि इकडे माझ्याच पदराआडून चोरी!”

चोरी कुठून झाली ते पोलिसांत तक्रार नोंदवायला गेल्यावर कळलं होतं. तिथल्या साहेबाने फोन इकडून तिकडून चाळला आणि एका चित्रावर बोट ठेवलं. फोटोवर निरनिराळे केस चढवून दाखवणारं ॲप. लांबच्या गिऱ्हाइकाला घरबसल्या कसे केस शोभतील ते दाखवता यावं म्हणून मावशींनी ते घेतलं होतं. वरून केस चढवायचं आणि आतून मेसेज वाचून, फोटो उचलून कुठल्या कुठे धाडायचं.

“पण मावशी, परवानगी तुम्हीच दिलीय,” साहेब म्हणाला. “मेसेज वाचू का? हो. फोटो बघू का? हो. सगळ्याला हो!”

“मी हो म्हटलं ते केसांना म्हटलं.”

“फोनला ते कळत नाही.”

“मग ज्याने बनवलं त्याला पकडा.”

“ते कुठल्या देशात बसलेत देव जाणे. जिथून घेतलंत ते दुकानही बघावं लागेल.”

फोन बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला तर यंत्र बोललं. एक दाबा, दोन दाबा. मावशींनी नऊपर्यंत सगळे आकडे दाबून बघितले. सख्खा भाऊ म्हणाला, “ताई, वाचल्याशिवाय अंगठा कशाला उठवायचा?” जो तो हात झटकून मोकळा. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही आणि काटा मात्र त्या मुलीच्या पायात.

पण मावशींना एक पाय नेमका ठाऊक होता. ते ॲप फोनमध्ये घालून दिलं होतं हिरोने.

हिरो म्हणजे चौकातला फोन दुरुस्त करणारा. दाट, काळेभोर, कपाळावर झुलणारे केस, म्हणून सगळा चौक त्याला हिरो म्हणायचा. ते केस मावशींनी केलेले होते. त्याच्या बायकोखेरीज हे फक्त त्यांनाच ठाऊक. मास्तरीणबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, पण मावशींच्या घरी कायमची उठबस असल्याने त्यांनी ओळखलं होतं. महिन्याकाठी तो मागच्या दाराने यायचा, टोप धुऊन, नव्या पट्टीने चिकटवून घेऊन जायचा. अशाच एका खेपेला मावशींनी त्याच्यापुढे गाऱ्हाणं केलं की लांबची गिऱ्हाइकं फोटोवर मागतात, मला जमत नाही. “आणा इकडे,” म्हणून त्याने फोन घेतला आणि पटापट स्वतःच सगळीकडे ‘हो’ दाबलं. मावशी त्या वेळी त्याच्या टाळूला तेल लावत होत्या. ज्याचं उघडं डोकं आपण हातात घेतो, त्याच्या हातात फोन द्यायला कसली भीती? दुसऱ्या कुणी तो दिला नसता. त्यांनी दिला.

“हिरोने केसाने गळा कापला माझा,” मावशी म्हणाल्या, आणि चौकाकडे वळल्या.

“अगं, घर तिकडे आहे!”

“ठाऊक आहे.”

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. हिरो भिंगाखाली कुणाचा तरी फोन उघडून बसला होता. केस कपाळावर झुलत होते. मावशींना बघून तो उठला. “या मावशी, बसा. खुर्ची द्या रे मावशींना.”

“ते केसांचं ॲप कुणी दिलं तुला?”

त्याची नजर एकदा गिऱ्हाइकांवर फिरली. “असतात हो मावशी, येतात लोक, सांगतात हे घाला, ते घाला. प्रत्येक फोनमागे आम्हाला थोडं सुटतं. सगळेच घालतात.”

“आत काय होतं?”

“मला काय ठाऊक? मी का ते बनवलंय? आणि परवानगी तर तुमच्या फोनची. फोन तुमचा, जबाबदारी तुमची. असं लिहिलेलंच असतं खाली.”

“‘हो’ तू दाबलंस.”

“तुमच्यासमोर दाबलं ना? तुम्ही नको म्हणायचं होतं.” आणि गिऱ्हाइकांकडे बघून तो हसला. “म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.”

मावशींचा हात वर गेला होता. एक झटका, की पट्टी सुटली असती आणि सगळ्या चौकाला चंद्र दिसला असता. मास्तरीणबाईंनी मनात देवाचं नाव घेतलं. ते वाचवण्यासाठी घेतलं की झटका नीट बसावा म्हणून, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

मावशींचा हात पुढे गेला आणि त्यांनी हिरोच्या कपाळावरची बट अलगद बाजूला सारली. आईने सारावी तशी.

“घाम फार येतोय तुला,” त्या हळूच म्हणाल्या. “शनिवारी ये.”

हिरोचा चेहरा उतरला. रस्त्यावर ओळख न देणाऱ्या बाईने एवढं बोलणंही पुष्कळ होतं.

शनिवारी तो मागच्या दाराने आला, मिठाई घेऊन. मास्तरीणबाई बाहेरच्या खोलीत, मधल्या पडद्याअलीकडे वर्तमानपत्र उलटं धरून बसल्या होत्या. मावशींनी त्याला खुर्चीत बसवलं, कडा ओल्या केल्या, पट्टी सोडवली, टोप उचलून लाकडी डोक्यावर ठेवला. हे सगळं नेहमीसारखं. मग लाकडी डोकं कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. हे नेहमीसारखं नव्हतं.

“मावशी?”

“जाळी भांगापाशी विरलीय. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ती सांधता यायची नाही.”

“मग सांधा ना.”

“सांधते. आधी दोन कामं कर. ते ॲप देणाऱ्याचं नाव, नंबर तक्रारीच्या साहेबाला जाऊन लिहून दे. आणि त्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या समोर सांग, की हे मी घातलं.”

“असा? असा जाऊ?” त्याचा हात डोक्याकडे गेला.

“टोपी घाल.”

“मावशी, हे ब्लॅकमेल आहे!”

“हो का? मला काय ठाऊक? मी का ते बनवलंय?”

पडद्याअलीकडे मास्तरीणबाईंना हसू आवरेना, आणि लगेच हसल्याची लाजही वाटली. हिरो गेल्यावर त्या आत आल्या. “अगं, तुझ्याकडे ठेव म्हणून दिलेलं गुपित आहे ते. त्यांनी त्या मुलीचं केलं आणि तू याचं करतेयस, फरक काय?”

“मी कुणाला सांगितलंय? कपाटात आहे.”

“हा शाळेतला वाद नाही. देव काय म्हणेल?”

“देवाला म्हणावं, तू त्या साहेबासारखं बोलू नकोस. रांगेत उभं राहून आले मी.” मावशी सुई पुसू लागल्या. पुसलेलीच सुई पुन्हा पुसली. “मला त्याला दुखवायचंय. खोटं कशाला बोलू? त्या पोरीला दुखलं तसंच दुखायला हवं त्याला. झोपताना तेच येतं डोळ्यांपुढे.”

चार दिवस हिरोने दुकान टोपी घालून चालवलं. चौकात कुणीतरी म्हणालं, “काय हिरो, सिनेमा पडला काय?” पाचव्या दिवशी तो साहेबाकडे जाऊन नाव, नंबर लिहून देऊन आला. तो नंबर बंद लागला. सहाव्या दिवशी तिघं त्या दारापुढे उभी राहिली.

या वेळी दार मुलीनेच उघडलं. डोक्यावर रुमाल नाही, काही नाही. औषधं पुन्हा सुरू झाली होती, भुवयाही गेल्या होत्या. मागे आई उभी होती. मुलीने तिघांना आत घेतलं, मावशींकडे बघितलं, मग टोपीवाल्याकडे.

“हा कोण?”

“हा सांगेल,” मावशी म्हणाल्या.

हिरो जमिनीकडे बघत म्हणाला, “ताई, ते ॲप... मी घातलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं आत काय...”

“टोपी काढून बोला.”

तिला काहीच ठाऊक नव्हतं. घरात आलेल्या परक्या पुरुषाने टोपी काढावी, एवढंच तिचं म्हणणं. मावशी मध्ये पडू शकल्या असत्या. ‘राहू दे गं, सर्दी झालीय त्याला’ एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. हिरोने त्यांच्याकडे बघितलं, बुडता माणूस काठाकडे बघतो तसं. मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

त्याने टोपी काढली.

मुलगी क्षणभर बघत राहिली आणि मग हसली. ते हसणं गोड नव्हतं. “मावशी, हाही तुमचाच का?”

“मी गिऱ्हाइकांचं कुणाला सांगत नाही,” मावशी म्हणाल्या.

मुलीने आईचा फोन घेतला, एक मेसेज उघडला आणि हिरोच्या हातात दिला. “वाचा. मोठ्याने. माझ्या आईने एकटीने वाचला होता. बाजारात, भाजीच्या पिशव्या हातात असताना.”

“ताई, नको...”

“वाचा.”

त्याने वाचायला सुरुवात केली. मावशी, गाठ परत आलीय. पुन्हा टोप लागेल. ‘ती आत्ता कुठे’पाशी तो अडखळला. मुलीने थांबू दिलं नाही. शेवटच्या शब्दापर्यंत वाचून घेतलं. आई भिंतीला टेकून खाली बसली होती. खोलीत कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. मावशींच्या छातीत इतके दिवस जे जळत होतं ते एकदम निवलं, आणि त्यांना बरं वाटलं. अगदी खरं बरं वाटलं. तहानेल्याला पाणी मिळावं तसं.

मग मुलगी त्यांच्याकडे वळली.

“याचं झालं. आता तुमचं. तुमच्या फोनमध्ये माझ्यासारख्या अजून कितीजणी आहेत?”

मावशी बोटांवर मोजू लागल्या.

“त्यांना सांगितलंत?”

एवढे दिवस मावशी साहेबाकडे गेल्या, यंत्राशी बोलल्या, कपाटाला कुलूप घातलं, हिरोला टोपीत फिरवलं. ज्यांचे मेसेज त्याच फोनमधून गेले होते, त्यांच्यापैकी एकीच्याही दारात गेल्या नव्हत्या. सुडाच्या पायी सुचलंच नव्हतं, की सुचू दिलं नव्हतं?

“तुमच्याकडे येणारी प्रत्येक बाई आज कुणाच्या तरी फोनची वाट बघतेय आणि तिला ते ठाऊकच नाही,” मुलगी म्हणाली. “मला निदान धमकी तरी आधी आली. माझा नवा टोप झाला की पाठवून द्या. मी तिकडे येणार नाही.”

परतताना हिरो पुढे निघून गेला. संध्याकाळी मावशींनी कपाट उघडून टोप कागदात गुंडाळला आणि त्याच्या घरी पोचता केला. जाळी सांधली होती, नीट, दिसणारही नाही अशी. सोबत निरोप होता, इथून पुढे दुसरा कारागीर बघ. तो मिळणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, “सांधून तरी दिलीस. म्हणजे मनातून काढलंस ना?” मावशी म्हणाल्या, “फाटका माल मी देत नाही. त्याचा माफीशी काय संबंध?”

मग त्या खुर्चीत बसल्या, ज्या खुर्चीत गिऱ्हाईक बसतं तिथे. लाकडी डोकी ओळीने मांडलेली होती. एकेका डोक्याकडे बघत त्यांचे ओठ हलत होते. ज्यांचं नाव त्या एकान्तातही घ्यायच्या नाहीत, त्यांची नावं त्या मनात घेत होत्या.

“तुला लिहिता येतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला सुई तेवढी धरता येते. या सगळ्यांना द्यायला चार ओळी लिहून दे. फोनवर नाही पाठवायच्या, मी मागच्या दारांनी जाऊन हातात देईन.”

“देते की. काय लिहू?”

“तुमचं बोलणं माझ्या हातून बाहेर गेलं, असं लिही. हिरोने घालवलं, कंपनीने घालवलं असं नको. मला कळलं नाही, मी साधी बाई, असलंही काही नको. मला वाचवणारी एक ओळ नको.”

मास्तरीणबाईंनी कागद पुढे ओढला. तेवढ्या ओळी लिहून काढल्या. मग म्हणाल्या, “आणि शेवटी? ‘देव सगळ्यांना क्षमा करो’ असं घालू?”

“नाही,” टोपमावशी म्हणाल्या. “ते तर अजिबात घालू नकोस.”